दोर बांधायचे दिवस

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला की
नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
खांबापासून खांबापर्यंत, छातीच्या उंचीवर.
बाहेरगावचे लोक त्याचे फोटो काढतात.
आम्ही तो धरतो.

दवाखान्यात माझ्याकडे तिसरं वर्ष.
पहिल्या वर्षाला माझी गरज नसते.
काटा दर आठवड्याला खाली येतो,
शेजारणी फाटकाशी थांबवून विचारतात,
जुन्या पँटच्या एकाच पायात उभा राहून
माणूस फोटो काढून घेतो.
दुसऱ्या वर्षी काटा थांबतो.
तिसऱ्या वर्षी फोन लागत नाहीत.

एलिसेओ मान्सिया.
मेंढ्यांच्या कातरणीवर तीस जणांचा स्वयंपाक करायचा.
एकशे त्रेचाळीसचा होता, एक्क्याऐंशीचा झाला.
मग अठ्ठ्याऐंशीचा.
हे शेवटचं त्याच्या बायकोनं सांगितलं,
हळू आवाजात, नवऱ्याचं कर्ज सांगावं तसं.
चार तारखा चुकवल्या त्यानं.
एकदा सर्दी, एकदा गाडी,
दोनदा काहीच नाही.

पोट कापून लहान करता येतं.
भूक त्यानंतर वर्षभर परगावी जाते
आणि एका संध्याकाळी, चहाच्या वेळी,
बूट काढून घरच्यासारखी आत येते.
पावाचा एक तुकडा.
मग ओट्याशी उभ्या उभ्या दुसरा.
ताटातलं तो मोजतो,
उभ्यानं खाल्लेलं मोजत नाही.
मीही घरी मोजत नाही.

माझ्याकडे सांगायला फार नसतं.
आधी मांस, अंडं, मसूर; बटाटा मागून.
जेवताना पाणी नको. गोळ्या विसरू नका.
दोन घासांमध्ये काटा खाली ठेवा,
जेवणाचा;
वजनाच्या काट्याबद्दल मी शब्द देत नाही.
हे सगळं त्याला माझ्याहून जास्त पाठ आहे.

तो आला नोव्हेंबरच्या एका मंगळवारी,
तारीख नसताना,
खिडक्या चौकटीत थडथडत होत्या तेव्हा.
तळहातांवर दोराचे लाल वळ.
"पूर्वी मी दोर धरत नसे," म्हणाला,
"वारा मला वळसा घालून जायचा.
रोसाल्बा माझ्या मागून चालायची,
शाळेपासून बसपर्यंत, टोपीसुद्धा न उडता.
आता म्हणते, आजोबा,
तुमच्या मागे वारा लागतो."

मग कोटाच्या खिशांतून त्यानं दोन दगड काढले,
सामुद्रधुनीच्या काठचे, गुळगुळीत.
"हे वजा करा," म्हणाला.
मी हसले. तो आधी नाही, मग हसला.

अपराध पोटात घालावा म्हणतात.
त्यानं जन्मभर घातले:
फोरमनच्या शिव्या,
भावानं बुडवलेले पैसे,
खारट रश्श्याबद्दल तीस जणांची तोंडं.
आता तिथं चार घासांची जागा.
स्वतःचे सात किलो
तिथं मावत नव्हते, म्हणून सहा महिने
तो या रस्त्यानं येतच नव्हता.

मी त्याला काट्यावर उभं केलं नाही.
पाव कुठल्या डब्यात असतो ते विचारलं,
संध्याकाळी घरात कोण असतं,
रात्री झोप लागते का.
शेवटी तो आपणहून चढला, बूट न काढता.
मी आकडा लिहिला, पुढं कंसात: बुटांसह.

निघताना मी औषधांच्या दुकानापर्यंत सोबत गेले.
रोसाल्बा सहा वर्षांची,
दोरापर्यंत तिचा हात पोचत नाही.
त्याचा पट्टा मात्र तोच जुना आहे,
सुरीनं पाच नवी भोकं पाडलेला,
आणि उरलेलं टोक बाजूला लोंबतं,
वीतभर, चांगलं चामड्याचं.
"हे कापू नका," मी ओरडून सांगितलं,
वाऱ्यात ओरडावंच लागतं.
"तुम्ही दोर धरा. तिला हे धरू दे."

त्यानं टोक हातात घेऊन ओढून पाहिलं,
दोनदा.